नाट्यगृह जळालेल्या शहरात कला शोधताना : कोल्हापुरातले एक प्रकरण

प्रकरण असे आहे. बँकेतल्या एक अधिकारी अमरावतीहून बदली होऊन कोल्हापुरात आल्या. वय चाळिशीच्या आसपास. सोबत सत्तरी ओलांडलेली आई. बदलीच्या यादीत कोल्हापूरचे नाव बघून दोघींना आनंद झाला होता. आईंनी आयुष्यभर रेडिओवर नाट्यसंगीत ऐकलेले. जयपूर घराण्याचे गवई अल्लादिया खाँसाहेब जिथे राहिले, संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव भोसले जिथे जन्मले, ते गाव बघायला मिळणार म्हणून त्या हरखल्या होत्या. लेकीने अमरावतीत हौशी नाटकांतून कामे केली होती, राज्य नाट्य स्पर्धेतही ती उतरली होती. कलापूर म्हणवणाऱ्या शहरात आपल्याला कुठेतरी जागा मिळेलच, असा तिचा हिशेब होता.

काही महिन्यांत दोघींचे मत पक्के झाले : इथे काही होत नाही.

हे मत मी त्यांच्याच तोंडून ऐकले. त्या राजारामपुरीत आमच्या शेजारच्या इमारतीत राहतात आणि मी इथल्या हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो. ऐकून वाईट वाटले, पण त्यांचे म्हणणे खोडून काढता येईना. त्या वर्षी त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याला हेच वाटले असते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेपाच लाख वस्तीचे हे शहर. पुण्या-मुंबईइतके मोठे नाही की रोज संध्याकाळी कुठे ना कुठे पडदा उघडेल, आणि इतके लहानही नाही की सगळे सगळ्यांना ठाऊक असेल. अशा शहरात नवख्या माणसाला कला सापडते कशी आणि सापडत नाही ती कशामुळे, हे या प्रकरणात स्वच्छ दिसते. दोघींना विचारूनच लिहितो आहे. नावे दिलेली नाहीत. लेकीला गल्लीतले सगळे ताई म्हणतात, आईंना काकू. मीही तेच म्हणतो.

शहराची तेव्हाची अवस्था

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी युरोपात पाहिलेली नाट्यगृहे मनात ठेवून हे पॅलेस थिएटर उभारले. १९१५ मध्ये ते खुले झाले आणि १९५७ मध्ये त्याला केशवरावांचे नाव मिळाले. पाठीला पाठ लावून खासबागचे कुस्ती मैदान. तिकडे शड्डू आणि इकडे तिसरी घंटा, असा हा शेजार शंभराहून जास्त वर्षे नांदला. त्या रात्री छत गेले, रंगमंच गेला. दगडी भिंती उरल्या. आयुष्यात कधी नाटकात काम न केलेली माणसेसुद्धा रस्त्यावर उभी राहून रडत होती. पुढे शासनाने निधी जाहीर केला आणि पुनर्बांधणी हाती घेतली गेली, पण ताई आणि काकू आल्या तेव्हा नाट्यगृह बंद होते.

नाट्यगृह बंद म्हणजे नाटक बंद, एवढाच याचा अर्थ नव्हता. नाट्यगृहाच्या आवारात लागणारे फलक हा सगळ्या शहराचा सूचनाफलक होता. खासबागच्या खाऊगल्लीत भेळ खायला आलेला माणूस सहज मान वळवून बघायचा की शनिवारी कोणते नाटक आहे आणि स्पर्धेत आज कोणाचा प्रयोग आहे. प्रयोग सुटला की चहाच्या गाड्यावर पुढच्या नाटकाची जुळवाजुळव व्हायची. कोणाला बाईचे पात्र हवे आहे, कोण नेपथ्यासाठी सुतार शोधतो आहे, गाण्याची बैठक कोणाच्या घरी आहे, हे सगळे तिथे कळायचे. आगीत ही बोलण्याची जागा गेली. जुन्या लोकांनी एकमेकांना फोन करून, व्हॉट्सअ‍ॅपवर गट करून ती भरून काढली. ज्यांच्याकडे कोणाचा नंबरच नव्हता ते बाहेर राहिले.

शोध

ताईंनी जे केले ते कोणीही केले असते. फोनवर तिकिटांचे अ‍ॅप उघडले. त्यात कोल्हापूर निवडले की सिनेमे दिसत, अधूनमधून एखादा विनोदी कार्यक्रम. मग कोल्हापुरात काय बघावे म्हणून शोधले. अंबाबाईचे मंदिर, रंकाळा, पन्हाळा, मिसळ, चप्पल. हे सगळे बघून झाले. नाटकाचे, गाण्याचे, चित्रांचे त्यात काही आले नाही.

मग दोघी संग्रहालयांकडे वळल्या. टाउन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू पाहिल्या, आबालाल रहिमान यांची चित्रे पाहिली. आबालाल शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. कोटितीर्थाच्या काठी राहायचे आणि तिथलीच झाडे, पाणी, उजेड रंगवायचे. महाराज गेले तेव्हा त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे इथे सांगतात. ताईंना ही चित्रे फार आवडली. काकूंनी विचारले, हल्ली इथे कोणी अशी काढते का? त्यांना तिथे सांगणारे कोणी भेटले नाही. रविवारी सकाळी पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर बोर्ड मांडून बसलेली कला महाविद्यालयांतली मुले पाहिली असती, तर उत्तर तिथेच मिळाले असते.

गंमत अशी की त्यांच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. पडद्यावर नायक म्हणून गाजलेल्या या माणसाने आयुष्यभर निसर्गचित्रे काढली, पावडर शेडिंग केले, आणि राहते घर चित्रांसकट लोकांना दिले. त्याच गल्ल्यांतून भाजी आणणाऱ्या दोघींना त्याची कल्पना नव्हती. शेजारपाजारच्या कोणी सांगितले नाही, कारण शेजारपाजारच्यांना ते सांगण्यासारखे वाटले नाही.

खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा स्तंभ पाहून ताईंनी बाबूराव पेंटरांविषयी वाचले. स्वतः कॅमेरा बनवून महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारा माणूस. १९२० मध्ये ‘सैरंध्री’. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी १९२९ मध्ये इथे प्रभात काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. हे सगळे वाचून झाल्यावर ताई मला म्हणाल्या, “तुमच्याकडे सगळं होऊन गेलंय.”

हे वाक्य मला लागले, आणि त्याला आम्ही कोल्हापूरकरच कारण आहोत. कोणत्याही उद्घाटनाला जा. पहिली वीस मिनिटे नावांची माळ होते : शाहू महाराज, अल्लादिया खाँ, केशवराव, बाबूराव, भालजी, शांताराम. ही सगळी नावे मोठीच आहेत. पण आज संध्याकाळी अमुक ठिकाणी अमुक मुलगी गाणार आहे, हे सांगायची वेळ आली की माळ संपलेली असते. बाहेरून आलेल्या माणसाला मग शहर म्हणजे स्मारकांची रांग वाटते.

वळण

आषाढात एका शुक्रवारी संध्याकाळी ताई बँकेतून घरी येत होत्या आणि गर्दीत अडकल्या. पुढे वाजंत्री चालली होती. सनई आणि ढोलाची ती ठरावीक चाल, जिला कोल्हापुरात पी ढबाक म्हणतात. डोक्यावर पाण्याचे कलश घेतलेल्या बाया, मागे सगळी गल्ली. पंचगंगेला आलेले नवे पाणी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाई देवीच्या, पायरीवर घालायला निघालेली यात्रा होती ती. ताईंनी गाडी बाजूला लावली आणि एका आजोबांना विचारले, ही मिरवणूक कशाची. ते म्हणाले, “नव्या पाण्याची, पोरी. टेंबलाईला चाललोय. चल की!” ताई खांद्याला बँकेची पिशवी तशीच ठेवून बऱ्याच लांबपर्यंत चालत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, “हे कुठे लिहिलेलं असतं?”

कुठेच नसते. आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी गल्ल्या निघतात. कोणती गल्ली कधी, ते त्या गल्लीला ठाऊक. त्यासाठी कोणी पत्रिका काढत नाही. भाद्रपदाच्या आधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, गंगावेशीत, बापट कॅम्पात रात्री मूर्तींचे डोळे आखतात, तेही कोणी जाहीर करत नाही. पण दारात जाऊन उभे राहिले तर कोणी हाकलत नाही, उलट स्टूल सरकवतात. शिवाजी पेठेत तालमीच्या पोरांचा मर्दानी खेळाचा सराव चालतो, तो अंधार पडताना. दसऱ्याला दसरा चौकात सोने लुटतात, त्याची वेळ सूर्यास्ताची. शहराचे कलेचे वेळापत्रक आहे, भरगच्च आहे, पण ते पंचांगात आणि माणसांच्या डोक्यात आहे. ताईंच्या प्रश्नाने माझ्यापुरता या प्रकरणाचा रोख बदलला. शहरात काय आहे याची यादी त्यांना देऊन भागणार नव्हते. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यापाशी त्यांना नेऊन बसवायला हवे होते.

तालमीची खोली

स्पर्धेच्या नाटकाचे वाचन सुरू झाले होते. मी ताईंना तालमीला घेऊन गेलो. एका शाळेचा हॉल, रात्री आठनंतर मिळणारा. बाकडी भिंतीला सरकवलेली. फरशीवर खडूने रंगमंच आखलेला होता, आणि तो आखला होता केशवराव भोसले नाट्यगृहाच्या मापाने. यंदा प्रयोग तिथे होणार नाही हे सगळ्यांना माहीत होते, तरी दिग्दर्शकाने तीच मापे घेतली. नटांचे पाय त्या मंचाला सरावलेले. उजव्या विंगेतून मध्यावर यायला किती पावले लागतात ते त्यांच्या अंगात बसलेले. हॉल तेवढा रुंद नव्हता. त्यामुळे डावीकडची विंग भिंतीपलीकडे, शाळेच्या व्हरांड्यात पडत होती. तिथून एन्ट्री असलेला नट व्हरांड्यात उभा राहायचा, खिडकीतून कान देऊन ऐकायचा आणि आपली वेळ आली की दारातून वळसा घालून आत यायचा. या वळशाला जितका वेळ लागे तितका वेळ मंचावरची नटी गप्प उभी राहायची. पुढे त्या थांबण्यालाच अर्थ आला आणि दिग्दर्शकाने ते नाटकात ठेवले.

ताईंसाठी पात्र नव्हते. संहिता धरून बसायला कोणी हवे होते, म्हणजे प्रॉम्प्टिंग. ताई खाली मांडी घालून बसल्या. पहिल्या दिवशी कोणी त्यांच्याशी फारसे बोलले नाही. नंतर एका नटाचे वाक्य अडले, ताईंनी ते दिले, आणि वैदर्भी हेल आल्यामुळे सगळे हसले, त्यासुद्धा. त्या दिवशी चहा सांगताना त्यांचा कप धरला गेला. पुढे वेशभूषेचे काम त्यांच्याकडे आले, आणि एकजण आजारी पडल्यावर एक छोटे पात्रही.

तिकीट काढून प्रेक्षागृहात बसून हे घडले नसते. कोल्हापुरात कलेच्या जगात शिरायचे तर काहीतरी काम अंगावर घ्यावे लागते. सतरंजी घालायचे असो, हार आणायचे असो, पेटी पोचवायचे असो. हे मला आवडते, कारण त्यामुळे इथला प्रेक्षक आणि कलावंत यांच्यात अंतर कमी राहते. पण ज्याला फक्त ऐकायचे आहे, बघायचे आहे, त्याचे काय? नुसता रसिक होण्याचाही माणसाला हक्क आहे.

काकूंची बैठक

काकूंच्या बाबतीत हा प्रश्न गायन समाज देवल क्लबने सोडवला. १८८३ ची ही संस्था. शिकवणे आणि ऐकवणे दोन्ही करते. तिथल्या रंगमंदिराला गोविंदराव टेंबे यांचे नाव आहे. ते नाव पाटीवर वाचताच काकू उभ्या राहिल्या. ‘मानापमान’ नाटकाच्या चाली टेंब्यांच्या. आणि ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी जो संयुक्त ‘मानापमान’ झाला, त्यात बालगंधर्वांसमोर केशवराव भोसले उभे होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय जेमतेम एकतीस. काकूंना हे सगळे तोंडपाठ. आयुष्यभर कानांनी ओळखलेली माणसे त्यांना इथे पाट्यांवर भेटत होती.

त्या बैठकीत एक तरुण गायिका जयपूर घराण्याची बंदिश मांडत होती. काकूंच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. मध्यंतरात त्यांनी विचारले, कुठल्या आपण? काकूंनी अमरावती सांगितले, आणि म्हणाल्या की मल्लिकार्जुन मन्सूरांना रेडिओवर खूप ऐकलंय, ही मुलगी तसं काहीतरी गातेय. गृहस्थ सरसावून बसले. मन्सूरांना मंजी खाँ आणि त्यांच्यामागून भूर्जी खाँ यांची तालीम मिळाली, दोघेही अल्लादिया खाँसाहेबांचे मुलगे. आणि भूर्जी खाँ इथे कोल्हापुरात शिकवत होते, धोंडूताई कुलकर्णींनाही त्यांनीच इथे शिकवले, हे त्यांनी काकूंना सांगितले. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या महोत्सवात हे ज्ञान निवेदकाकडून मिळते. इथे ते शेजारच्या खुर्चीतून मिळाले. काकू आता तिथल्या ठरलेल्या श्रोत्या आहेत, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगायला त्यांना लेक लागत नाही.

अडलेले प्रश्न

सगळे सुरळीत झाले असे नाही. काकूंच्या वाट्याला आलेला एक कार्यक्रम सांगतो; संस्थेचे नाव नको. पत्रिकेत वेळ सहाची. काकू पावणेसहाला जाऊन बसल्या. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, देणगीदारांचे सत्कार, सत्कारमूर्तींची मनोगते. गाणे सुरू झाले तेव्हा काकूंच्या गोळीची वेळ झाली होती. एक बडा ख्यालही पुरता न ऐकता त्या उठल्या.

याला आयोजकांची बेपर्वाई म्हणून सोडून देणे सोपे आहे. मूळ पैशात आहे. संस्थान असताना गवयाला आणि पैलवानाला दरबार पोसत होता आणि रयत ऐकायला-बघायला येत होती. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबार गेला, पण कला फुकट बघायची सवय राहिली. आता तो खर्च देणगीदार करतो, आणि त्याची शाल-श्रीफळाची अपेक्षा चुकीचीही नाही. प्रवेश विनामूल्य ठेवला की सत्कार येतात, सत्कारांनी वेळ खाल्ला की कामावरून आलेला आणि म्हातारा श्रोता उठून जातो. गाणाऱ्या मुलीच्या हातात पडणारे मानधन रिक्षाभाड्यात आणि साथीदारांत संपते. मी याविषयी ठाम आहे : बसायला शंभर रुपये घ्यावेत, विद्यार्थ्यांना वीस, आणि सहाला स्वर लागावा. कोल्हापूरकर मिसळीला, सिनेमाला, मॅचला पैसे मोजतो. गाण्याला मोजणार नाही हे आयोजकांनी न विचारताच धरून ठेवले आहे.

चित्रप्रदर्शनांचे वेगळेच. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात उद्घाटनाला गर्दी असते. दुसऱ्या दिवसापासून चित्रकार एकटा खुर्ची टाकून बसलेला दिसतो. ताई जेवणाच्या सुट्टीत तिथे जायला लागल्या आणि त्यांना चित्रकाराशी निवांत बोलायला मिळाले. नवख्याने दुसऱ्या दिवशीच जावे.

तिसरी अडचण रात्रीची. तालीम आठला ठरते, साडेआठला सुरू होते, अकराला सुटते. ज्यांची घरे पेठेत आहेत ते चालत जातात. ताईंना सकाळी दहाला काउंटर उघडायचा असतो आणि घरी आई एकटी असते. पुरुष नटांना हा प्रश्न वाटतच नव्हता. ताईंनी तो मांडला, तेव्हा एकजण म्हणाला, “रंगभूमी म्हटलं की एवढं चालायचंच, ताई.” दिग्दर्शकाने मात्र बायकांचे प्रवेश आधी घ्यायला सुरुवात केली. शहरात स्त्री-पात्रे मिळत नाहीत अशी तक्रार आम्ही वर्षानुवर्षे करतो. तालमीची वेळ हे त्याचे एक मोठे कारण आहे, हे मान्य करायला हवे.

महिन्याचा कागद

ताईंनी पुढे जे केले ते कोणी सांगितले नव्हते. बँकेतल्या माणसाच्या शिस्तीने त्यांनी एका कागदावर महिन्याचे कार्यक्रम मांडायला घेतले. माहिती कुठून आणायची, हे आतापर्यंत त्यांना कळले होते. शाहू स्मारकाच्या बाहेरचे फ्लेक्स, देवल क्लबचा फलक, करवीर नगर वाचन मंदिरातल्या व्याख्यानांची पाटी (१८५० चे हे वाचनालय शहरातल्या बातम्या कळण्याचीही जागा आहे), स्थानिक दैनिकांतला आजचे कार्यक्रम हा कोपरा, आणि तालमीतल्या लोकांचे फोन. कागदाला मुख्य रकाने चार : काय, कुठे, किती वाजता, आणि तिकीट आहे की नाही. शिवाय पहिल्याच कागदात त्यांनी पाचवा रकानाही केला होता, प्रत्यक्षात कधी सुरू होईल त्याचा. मी तो काढायला सांगितला, त्या तयार झाल्या नाहीत. तो आजही आहे आणि लोक तोच आधी वाचतात.

कागद बँकेच्या फलकावर लागला, आमच्या इमारतीत लागला, वाचनालयात लागला. काही आयोजक आपणहून माहिती पाठवायला लागले. एका संस्थेने पाचव्या रकान्यावरून राग धरला आणि पुढच्या बैठकीला वेळेवर सुरुवात केली.

आषाढातल्या यात्रा त्या कागदात घालायच्या की नाही, यावर आमच्यात वाद झाला. पेठेतल्या एका मित्राचे म्हणणे, घालू नका, उगाच कॅमेरे घेऊन गर्दी होईल. ही गल्लीची गोष्ट आहे. ताईंचे म्हणणे, मला त्या आजोबांनी चल की म्हटले नसते तर मी अजून अ‍ॅपच चाळत बसले असते. शेवटी त्यांनी दिवस आणि वाट लिहिली, गल्लीचे नाव लिहिले नाही, आणि खाली एक ओळ टाकली : फोन खिशात ठेवून चालावे.

बँकेतल्या बदल्या ठरलेल्या असतात. ताई गेल्यावर कागद कोण काढणार, हे अजून ठरलेले नाही. आमच्या तालमीला येणाऱ्या, कला महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने गेल्या महिन्याचा कागद हाताने लिहून दिला आणि कडेला पी ढबाकवाले काढले. पुढचा कागद तिने एकटीने करून बघायचा आहे. माहिती देणाऱ्यांचे फोन नंबर ताईंनी तिला एका वहीत उतरवून दिले आहेत, आणि कोण दुपारी फोन उचलत नाही तेही लिहिले आहे.